मस्टरवर नसलेली रात्र

मे 2023. रात्री दोन चाळीसला फोन वाजला. घणसोली गावातल्या माझ्या खोलीत लाइट गेलेली, उकाड्यानं मी जागाच होतो. पलीकडे शिफ्टचा सुपरवायझर. "शेजारच्या गोडाऊनला लागलीये रे, ये पटकन. आणि फोमच्या स्टोअरची चावी कुठंय?"

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत फायरमन. म्हणजे कंपनीत नाही, कंपनीनं नेमलेल्या कंत्राटदाराकडे. सांताक्रूझला सहा महिन्यांचा फायरमनचा कोर्स केलेला. आठ तासांची शिफ्ट आणि आठवड्याची सुट्टी, हे कागदावर. तोंडी अट निराळी होती. खोली दहा मिनिटांच्या अंतरात घ्यायची, फोन चोवीस तास चालू ठेवायचा, गावाला जायचं तर आधी सांगायचं. सुट्टीच्या दिवशी मित्रांत बसलो तरी ग्लासला हात लावायचा नाही, कारण कधी बोलावतील नेम नाही. या बांधून राहण्याचे पैसे? एक रुपया नाही. "बोलावलं तर ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, लावू की," म्हणायचे. ओटी कधी लागायची, कधी सुपरवायझर विसरायचा. सुपरवायझरचा पगारही काही फार नव्हता, त्यामुळे त्याच्यावर चिडून उपयोग नसायचा.

पोचलो तेव्हा गोडाऊनच्या पत्र्यांतून जाळ बाहेर येत होता आणि आमच्या भिंतीला लागून ड्रम. आमच्या पोरांनी फोम मारायला सुरुवात केली होती, पण फोम बसतच नव्हता. पडला की दुधावरच्या फेसासारखा विरायचा. तिथल्या एकाला विचारलं, ड्रममध्ये काय आहे? "आयपीए." म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. अल्कोहोल साध्या फोममधलं पाणी ओढून घेतं, थर टिकतच नाही. त्याला अल्कोहोल-रेझिस्टंट फोम लागतो, आणि तो आमच्याकडे होता, स्टोअरच्या मागच्या रॅकवर, निळ्या कॅनमध्ये. कॅनवर ठळक लिहिलेलं: पेट्रोलजातीच्या आगीला 3 टक्के, अल्कोहोलला 6 टक्के. चावी खिळ्याला टांगलेली, वर कुणीतरी रेनकोट अडकवून ठेवला होता. शोधणाऱ्याला सापडणार कशी?

कॅन काढले, मिश्रण सहावर केलं, आणि यावेळी पांढरा थर पसरत गेला. तेवढ्यात एमआयडीसीचे बंब आले, त्यांनी पुढचं सगळं हातात घेतलं. आम्ही मागे राहून आमची भिंत गार करत होतो. पहाटे पाचच्या सुमाराला ब्रँच, म्हणजे होजच्या टोकाचा नळा, एका नव्या पोराच्या हातात दिली आणि मागून होजला खांदा द्यायला वळलो. प्रेशर अचानक वाढलं, त्याच्या हातातून ब्रँच सुटली. सुटलेली होज सापासारखी फटके मारते, तिला पकडायला जायचं नसतं. मी गेलो. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. चूक माझीच, हेही लिहून ठेवतो.

वाशीच्या ईएसआय, म्हणजे कामगार विम्याच्या, हॉस्पिटलात प्लास्टर झालं. चौथ्या दिवशी कंत्राटदाराच्या ऑफिसातून फोन आला. "दादा, अपघाताचा रिपोर्ट करता येत नाही. त्या दिवशी तू मस्टरवर नव्हतास. वीकली ऑफ होता ना तुझा?" मला आधी कळलंच नाही. माझा हात प्लास्टरमध्ये, आणि कागदावर मी घरी झोपलेलो.

कामावरचा अपघात धरला, तर बरे होईपर्यंत ईएसआयकडून रोजच्या सरासरी पगाराच्या 90 टक्के मिळतात. रिपोर्टच झाला नाही, तर त्यासाठी भांडत बसायचं.

वाचवलं गेटवरच्या रजिस्टरनं. आमचा रात्रीचा वॉचमन फार चिकट माणूस. आग लागलेली असतानाही त्यानं माझ्याकडून नाव, वेळ, सही घेतली होती. मी त्याला तेव्हा शिवी हासडली होती. रजिस्टरात माझ्या वेड्यावाकड्या सहीसमोर लिहिलेलं: आत 2:57, कारण 'आग'. त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून आणला. मग ओळखीच्या एका जुन्या युनियनवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी तेव्हा लागू असलेला कायदा शांतपणे सांगितला, "कारखाना कायद्याच्या कलम 59 नं ओटी दुप्पट दरानं. कंत्राटदारानं मजुरी बुडवली, तर 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात ती मूळ मालकाकडून मागता येते. अर्ज दोघांच्याही नावानं दे." दिला. दहा दिवसांत अपघाताचा रिपोर्ट गेला, त्या रात्रीची ओटीही लागली.

हात गळ्यात बांधून घरी बसलो असताना मोबाइलवर आयर्लंडची बातमी दिसली. तिथले सुमारे 2,000 अर्धवेळ फायरमन जूनमध्ये संपावर गेले होते. त्यांचं काम आमच्यासारखंच. स्टेशनजवळ राहायचं, पेजर वाजला की धावायचं. फरक एवढाच की त्यांना तयार राहण्याबद्दल वर्षाला ठरलेली रक्कम मिळते, कॉलवर गेल्याचे पैसे वेगळे. ती रक्कम कमी पडते आणि सुट्टी मिळत नाही म्हणून संप. शेवटी ती वाढवून घेतली त्यांनी. मला वाढीपेक्षा वाट बघण्याला दर असतो याचंच जास्त नवल वाटलं. आमच्याकडे पाणी भरून ठेवलेल्या टाकीलासुद्धा मेंटेनन्सचं कंत्राट आहे.

प्लास्टर निघाल्यावर आम्ही पाचजणांनी एका कागदावर सह्या केल्या. हजेरी फोन आल्यापासून धरा. रात्रीच्या कॉलसाठी दोघा-दोघांची पाळी लावा, बाकीच्यांचे फोन बंद राहतील. पाळीत असलेल्याला तयार राहण्याचे वेगळे पैसे द्या. पहिल्या दोन गोष्टी झाल्या. तिसरीवर "वर विचारतो" हे उत्तर आहे, आणि आम्ही दर महिन्याला आठवण करतो.

पाळीचा तक्ता कँटीनशेजारी लागला. त्यात माझं नाव नसलेल्या पहिल्याच शनिवारी मी फोन बंद केला आणि साताऱ्याची एसटी धरली. कुणाला सांगितलं नाही.