झाशीच्या राणीसमोरचा रिसाला

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. व्याख्यान संपल्यावर कुणी ना कुणी विचारतंच. घरी आलेला पाहुणा पुस्तकांच्या कपाटासमोर थबकला की विचारतो. परवा लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बाईंनीही तेच विचारलं: "तुम्ही ग्वाल्हेरच्या ना? मग झाशीच्या राणीला ज्यांनी मारलं, त्याच गोऱ्या रिसाल्याचा इतिहास इतकी वर्षं कशाला वाचत बसलात?" दर वेळी मी दोन वाक्यांत वेळ मारून नेते. आज सविस्तर सांगते.

आमचं घर लष्करात. लष्कर म्हणजे ग्वाल्हेरचा तो भाग, जिथे शिंद्यांची छावणी पडली, मागोमाग दक्षिणी माणसं आली आणि कायमची राहिली. दर वर्षी १८ जूनला आजी मला फुलबागेत राणीच्या समाधीवर न्यायची. जूनमधलं ग्वाल्हेर ज्यांनी सोसलंय त्यांनाच कळेल. सकाळी नऊला लू सुरू होते आणि डोक्यावरचा पदर तव्यावरून काढल्यासारखा लागतो. आजीच्या हातात पितळेचा मोठा तांब्या असे, वर पेला पालथा घातलेला. ते पाणी आमच्यासाठी नव्हतं. तिथे येईल त्याला ती देई. समाधीसमोर हात जोडले की म्हणे, "गोऱ्यानं मारलं गं बाईला." मी आठ वर्षांची असताना विचारलं, "कुठल्या गोऱ्यानं?" आजी म्हणाली, "गोरा तो गोरा. त्याला काय नाव असतं?"

नाव होतं. त्या स्वाराचं नव्हे, त्याच्या रिसाल्याचं, म्हणजे घोडदळाच्या पलटणीचं: एट्थ किंग्ज रॉयल आयरिश हुसार्स. कॉलेजात असताना ते पहिल्यांदा वाचलं आणि आजीला न मिळालेलं उत्तर आपल्या हाती लागलं असं वाटलं. तेव्हापासून वाचतेय.

१६९३ साली हेन्री कनिंगहॅम यानं आयर्लंडातल्या प्रॉटेस्टंट लोकांतून हा रिसाला उभा केला. सुरुवातीला ते ड्रॅगून होते, म्हणजे घोड्यावरून जायचं आणि वेळ पडली तर उतरून बंदुकीनं लढायचं. १७१० मध्ये स्पेनमधल्या अल्मेनाराच्या लढाईत त्यांनी शत्रूचा एक रिसाला उधळला आणि त्या स्पॅनिश स्वारांचे पट्टे काढून घेऊन आपल्या खांद्यावरून आडवे चढवले. पुढे तो त्यांचा मान झाला आणि 'आडपट्टेवाले' अशा अर्थाचं टोपणनाव त्यांना कायमचं चिकटलं. पुढे ते हलके ड्रॅगून झाले आणि १८२२ मध्ये हुसार. हुसार म्हणजे मुळात हंगेरीतले हलके स्वार. त्यांच्यासारखी छातीवर आडव्या गोफांची रांग असलेली बंडी आणि केसाळ टोपी या आयरिश रिसाल्याच्याही अंगावर आली. टोपीवरच्या बिल्ल्यावर आयर्लंडची वीणा, वर राजमुकुट. ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये, अर्थ असा: पूर्वीच्या पराक्रमाचं स्मरण ठेवणारे.

एक गोष्ट मराठी माणसाला चटकन कळणार नाही. आपल्याकडे जरीपटक्याशिवाय फौजेची कल्पनाच करता येत नाही. पण १८३४ पासून शंभराहून अधिक वर्षं हुसारांना निशाणच नव्हतं. मग जिंकलेल्या लढायांची नावं कुठे लिहायची? नौबतीच्या घोड्यावर दोन्ही बाजूंनी जे नगारे असतात, त्यांच्या झुलींवर. भरतकाम केलेल्या त्या कापडावर रिसाल्याचा इतिहास गावांच्या नावांनी लिहिलेला असतो, आणि त्या नावांत आपलीच नावं निघतात.

आठव्या हुसारांच्या यादीत 'लेसवारी' आहे. म्हणजे अलवारजवळची लासवाडी, १ नोव्हेंबर १८०३. समोर होते दौलतराव शिंद्यांचे कवायती कंपू, म्हणजे युरोपीय पद्धतीनं शिकवलेल्या पलटणी. फ्रेंच अंमलदार आधीच सोडून गेलेले, तरी ते कंपू तोफांपाशी पाय रोवून उभे होते. इंग्रजांचं पायदळ मागून यायचं होतं. त्याची वाट न पाहता जनरल लेकनं भल्या पहाटे घोडदळच तोफांवर सोडलं. त्या धावेत आठव्याचा लेफ्टनंट कर्नल व्हँडलर ठार झाला. लढाईनंतर लेकनं खाजगी पत्रात कबूल केलं की शत्रूचे शिपाई फारच उत्तम लढले, आणि त्यांच्यावर फ्रेंच अंमलदार असते तर निकालाची खात्री देता आली नसती. विजयी सेनापतीची ही कबुली वाचली तेव्हा शिंद्यांच्या त्या निनावी गोलंदाजांसाठी माझा ऊर भरून आला. त्यांची नावं कुठल्याच झुलीवर नाहीत.

पुढच्याच वर्षी हाच रिसाला यशवंतराव होळकरांच्या मागावर होता. १७ नोव्हेंबर १८०४ ला फर्रुखाबादेजवळ लेकनं होळकरांची छावणी पहाटे झोपेत गाठली, ती रात्रभर दौड करून; पुढचा पाठलाग धरून चोवीस तासांत सत्तरेक मैल झाले. होळकरांचे पेंढारी आणि स्वार वाऱ्यासारखे पळतात, त्यांना गाठणं अशक्य, असं तोवर मानलं जाई. गनिमी काव्याची आपली जी मिरास, ती समोरच्यानं घोड्याच्या टापांनी शिकून घेतली होती. हे वाचताना जीवाला लागतं, पण वाचायलाच हवं असं मला वाटतं.

वीस वर्षं हिंदुस्थानात काढून ते १८२२ मध्ये परत गेले. 'लेसवारी'खेरीज त्या सगळ्या वर्षांसाठी झुलीवर एकच शब्द आला, 'हिंदोस्तान'.

मग रशियाविरुद्धचं क्रिमियाचं युद्ध. २५ ऑक्टोबर १८५४, बालाक्लावा. चुकीच्या समजलेल्या हुकुमापायी सुमारे पावणेसातशे स्वार तीन बाजूंनी तोफा असलेल्या दरीत घुसले, ती जगभर गाजलेली धाव. त्यात आठवे हुसार तिसऱ्या ओळीत होते. त्यांचा कर्नल शूवेल आजारी होता. अंथरुणातून उठून आला. निघण्याआधी काही जणांच्या तोंडात चिलमी दिसल्या, तेव्हा शत्रूसमोर धूर काढता म्हणून त्यानं खडसावलं. जेमी नावाचं रिसाल्याचं छोटं कुत्रंही त्या धावेत घोड्यांमागून धावलं. परतीच्या वाटेवर रशियन भालाईत आडवे आले, तेव्हा शूवेलनं उरलेले सत्तरेक स्वार वळवले आणि त्यांच्यातूनच वाट फोडली. त्याच तिसऱ्या ओळीत चौथ्या रिसाल्याचे हलके ड्रॅगूनही होते. बरोबर १०४ वर्षांनी, १९५८ मध्ये, सैन्यकपातीत हे दोन रिसाले एकमेकांत विलीन झाले.

आता मूळ दिवसाकडे येते.

१८५७ च्या शेवटी आठवे हुसार मुंबईला उतरले आणि राजपुतान्याच्या वाटेनं मध्य हिंदुस्थानात शिरले. त्यांच्या बरोबर रिसाल्याच्या बक्षीची, म्हणजे पगारवाटप बघणाऱ्या अधिकाऱ्याची, बायको होती: फॅनी ड्यूबर्ली. क्रिमियातही ती नवऱ्याबरोबर छावणीत राहिली होती. इथेही ऐन उन्हाळ्यात शेकडो मैल घोड्यावरून आली आणि रोजनिशी लिहीत राहिली.

इकडे काल्पी इंग्रजांच्या हाती पडली होती. आपल्या वरसईचे विष्णुभट गोडसे भटजी याच धामधुमीत उत्तरेत अडकले होते. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी भेटली. लांबच्या दौडीनं धुळीनं माखलेली, तहानेनं तोंड सुकलेलं. भटजी पाणी शेंदायला पुढे झाले तर तिनं अडवलं; तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी शेंदू नका, म्हणाली. स्वतः पाणी काढलं आणि ओंजळीनं प्याली. मग म्हणाली, मी अर्ध्या शेर तांदळाची धनीण, मला हा उद्योग करायची काही गरज नव्हती. मी हे पान इतक्यांदा वाचलंय की ती विहीर मला माझ्या माहेरच्या आडासारखी ओळखीची वाटते.

१ जून १८५८ ला तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि राणी ग्वाल्हेरवर आले. शिंद्यांची फौज त्यांना जाऊन मिळाली, जयाजीराव आग्र्याला निघून गेले. १७ जूनला (समाधीवर दिवस १८ ला पाळतात, पण इंग्रजांच्या कागदांत या लढाईची तारीख १७ आहे) ब्रिगेडियर स्मिथची तुकडी आग्नेयेकडून, कोटा की सराय इथून शहराकडे सरकली. डोंगरांतल्या चिंचोळ्या वाटेतून ती बाहेर पडली तेव्हा समोर राणीचे स्वार होते. कॅप्टन हेनेज यानं आठव्या हुसारांचं एक पथक सोडलं. ते छावणीतून आरपार तोफांपर्यंत गेलं आणि दोन तोफा ओढून परत आलं. जाड कपडे, लोखंडासारखं तापलेलं खोगीर आणि ग्वाल्हेरचा जून. त्या दिवशी गोऱ्यांतले कितीतरी जण उन्हानंच कोसळले.

त्या गर्दीत राणी पडली. तिच्या अंगावर स्वाराचा पोशाख होता. सांगणारे वेगवेगळं सांगतात, कुणी गोळी म्हणतं, कुणी तलवार, कुणी नाल्यापाशी अडलेल्या नव्या घोड्याचं सांगतं. पण हुसाराच्या हातून पडली यावर बहुतेकांचं एकमत आहे. ज्यानं वार केला त्याला आपण कुणाला मारलं याची कल्पना नव्हती. आपल्या दृष्टीनं त्या दिवसाचा सगळा अर्थ ज्या एका क्षणात आहे, तो क्षण त्यांच्या लेखी एका अनोळखी स्वाराशी झालेली झटापट होती.

१८५९ च्या जानेवारीत या धावेसाठी चार व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याची सर्वोच्च ब्रिटिश पदकं, जाहीर झाले. ते वरिष्ठांनी निवडून दिले नव्हते. तेव्हाच्या नियमात अशी सोय होती की सगळं पथकच शौर्यानं लढलं असेल तर पथकानं आपापल्यातून निवडावं: एक अधिकारी अधिकाऱ्यांनी, एक हवालदार हवालदारांनी, दोन साधे स्वार स्वारांनी. कॅप्टन क्लेमंट हेनेज, सार्जंट जोसेफ वॉर्ड, नालबंद जॉर्ज हॉलिस आणि साधा स्वार जॉन पिअर्सन. नालबंदालाही साथीदारांनी निवडलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या चौघांचं मानपत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं. स्मिथची जागा आहे, छावणी आहे, किल्ल्यावरून आणि शहरातून होणारा मारा आहे, दोन तोफा आहेत. राणी नाही. एका शब्दानंही नाही. झुलीवर चढलं ते नाव 'सेंट्रल इंडिया'.

इंग्रज सेनापती ह्यू रोझनं मात्र राणीची योग्यता ओळखली. बंडवाल्यांच्या पुढाऱ्यांत सर्वांत शूर आणि सर्वांत उत्तम लष्करी नेता, असं त्यानं अहवालात लिहिलं, आणि हाच माणूस झाशीपासून तिच्या मागावर होता.

तर हे माझं उत्तर. राणीची थोरवी सांगताना समोरच्याला आपण बिनचेहऱ्याचा 'गोरा' करून टाकतो, आणि त्यानं तीच उणी होते. तिच्यासमोर त्या दिवशी कोण होतं? दीडशे वर्षांहून जुनी शिस्त, लासवाडीच्या तोफांवर धावलेल्यांचे वारस, चार वर्षांपूर्वी बालाक्लावाच्या दरीतून जिवंत परतलेली माणसं. हेनेज स्वतः त्या दरीत होता. आणि त्यांच्यासमोर उभी राहिली तिशीच्या आतली, घरातला दत्तक मुलगा बरोबर घेऊन निघालेली, अर्ध्या शेर तांदळाची धनीण. एवढं कळल्यावर समाधीसमोर मान खाली जाते ती वेगळीच.

"राग येत नाही का?" हाही प्रश्न असतो. येतो. वाचता वाचता पुस्तक मिटून उठावं लागतं असे दिवस येतात.

पुढचं थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात आठव्या हुसारांकडे रणगाडे होते. आफ्रिकेच्या वाळवंटापासून हॅम्बुर्गपर्यंत ते गेले, १९५१ मध्ये कोरियात इमजिन नदीवर लढले. १९५८ मध्ये ज्या चौथ्या हुसारांत ते मिसळले, तो चर्चिलचा रिसाला. १८९६ मध्ये हाच तरुण अधिकारी मुंबईत ससून डॉकच्या पायऱ्यांवर लोखंडी कडी धरताना खांदा निखळवून बसला, आणि ते दुखणं त्याला जन्मभर पुरलं. १९९३ च्या आणखी एका विलीनीकरणानंतर आता नाव आहे क्वीन्स रॉयल हुसार्स. बालाक्लावाचा दिवस ते आजही पाळतात. आठव्या हुसारांची हिरवी, सोनेरी काठाची, तंबूच्या आकाराची टोपी अधिकारी आजही घालतात. आठवण ठेवण्याची त्यांची ही चिकाटी मला मनापासून आवडते. आपल्या कितीतरी पागांची, पथकांची नावंसुद्धा आपण अशी धरून ठेवली नाहीत.

आजी गेली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी तिला हे सगळं वाचून दाखवलं होतं. मानपत्र, चार नावं, नालबंद हॉलिस, पुढे कॅनडात जाऊन तिथेच वारलेला पिअर्सन. ती ओसरीवर गहू निवडत होती. 'गोऱ्याला' नाव असतं हे तिनं मान्य केलं की नाही, कोण जाणे. सूप खाली ठेवलं नाही. उन्हानं कोसळलेल्या स्वारांचा भाग आला तेव्हा मात्र तिचा हात थांबला.

"जूनातलं ऊन ते," म्हणाली. "पाणी तरी दिलं का गं त्यांना कुणी?"