ठिपका कुठे पडला होता

बाईंच्या जुन्या फाइलवर शेवटची नोंद होती : ‘३० सत्रे पूर्ण. रुग्णाचा प्रतिसाद नाही.’ नैराश्यावरची तीन औषधे आधीच निष्फळ ठरली होती. चुंबकीय उत्तेजनेचा, म्हणजे डोक्यावर कॉइल ठेवून मेंदूला चुंबकीय स्पंदने देण्याचा, पर्याय मी पुन्हा सुचवताच त्या म्हणाल्या, “माझ्यातच काहीतरी कमी असणार, डॉक्टर.”

त्या ३० सत्रांच्या वेळी कॉइलची जागा जुन्या रिवाजाने ठरवली होती. जिथे स्पंदन दिल्यावर उजव्या हाताचा अंगठा हलतो, त्या बिंदूपासून ५ सेंटिमीटर पुढे. सगळ्या डोक्यांना एकच माप लावले की काहींच्या बाबतीत कॉइल ललाटखंडाच्या, म्हणजे कपाळामागच्या मेंदूच्या, अपेक्षित भागाच्या मागेच राहते.

म्हणून विश्रांत अवस्थेतील एफएमआरआय, म्हणजे मेंदूचे कोणते भाग एकमेकांशी जोडून काम करतात हे दाखवणारा स्कॅन, काढला. पहिला स्कॅन डोके हलल्यामुळे वाया गेला. दुसऱ्या वेळी त्या अगदी निश्चल राहिल्या. नैराश्याशी निगडित असलेला सबजेन्युअल सिंग्युलेट हा मेंदूचा भाग इतका खोल असतो की साध्या कॉइलचा परिणाम तिथवर थेट पोहोचत नाही. त्यामुळे डाव्या ललाटखंडाच्या पृष्ठभागावर अशी जागा शोधावी लागते, जिची क्रिया वाढते तेव्हा त्या खोल भागाची उतरते. परिणामकारक ठरलेल्या जागांचे हे उलटे नाते संशोधक मायकल फॉक्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडले होते. बाईंच्या नकाशावर ती जागा जुन्या बिंदूच्या पुढे, जवळजवळ दोन सेंटिमीटरवर निघाली.

मी त्यांना खोटी आशा दाखवली नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्राइटमाइंड चाचणीत मेंदूच्या भागांची अशी जोडणी पाहून दिलेले उपचार नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरले नव्हते, सुधारणा मात्र दोन्ही गटांत झाली होती, हेही सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि पडद्यावरच्या ठिपक्यावर बोट ठेवून विचारले, “म्हणजे तेव्हा मशीन भलत्याच जागी होतं?”

“तशी दाट शक्यता आहे,” मी म्हणालो. त्यांचे डोळे भरून आले.

त्याच दुपारी पहिले सत्र झाले : तीन मिनिटांत ६०० स्पंदने. कॉइलची टकटक थांबल्यावर त्या म्हणाल्या, “मागच्या वेळी कपाळाच्या इतकं जवळ लागत नव्हतं.”

चौथ्या आठवड्यात त्यांचा नैराश्याचा गुणांक निम्म्याखाली आला. जागेबरोबर स्पंदनांची पद्धतही बदलली असल्याने सगळे श्रेय नकाशाला देणे मला योग्य वाटत नाही. जुन्या फाइलमधील त्या नोंदीखाली मात्र मी पहिल्या सत्राच्या संध्याकाळीच दोन्ही बिंदूंमधले अंतर मिलिमीटरमध्ये लिहून सही केली होती.