डेटनमधला छापखाना

सिनसिनाटीहून डेटनला मोटारीने तासाभरात पोचता येतं. निघताना भाचीने विचारलं, "मावशी, विमानांचं म्युझियम बघायचं ना?" डेटनजवळ अमेरिकी हवाई दलाचं प्रचंड संग्रहालय आहे आणि बाहेरगावचे बहुतेक लोक त्यासाठीच तिथे जातात. मी म्हटलं, ते पुढच्या खेपेला. मला राइट बंधूंचा छापखाना बघायचाय.

"छापखाना? सायकलचं दुकान म्हणायचंय का तुला?"

सायकलींच्या आधी छापखाना होता. आणि मी छापखान्यात वाढले. मिरजेत आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत वडिलांचं ट्रेडल मशीन होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दशक्रियेची कार्डं, कधी एखाद्या हौशी कवीचं सोळा पानी पुस्तक. कंपॉझिटर, म्हणजे अक्षरं जुळवणारा माणूस, आला नाही की वडील मला खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, खणाखणांच्या केसपुढे स्टुलावर उभं करायचे. उलटं अक्षर वाचायला मी तिथेच शिकले, शाळेतलं सुलटं अक्षर त्याच्या नंतरचं. त्यामुळे ज्या दोघा भावांचं नाव आपण विमानासाठी घेतो, त्यांच्याही बोटांना आधी शाई लागली होती हे कळलं तेव्हापासून हे गाव माझ्या मनात होतं.

ऑगस्टचा शेवट होता. डेटनच्या पश्चिम भागात, वेस्ट थर्ड स्ट्रीट आणि विल्यम्स स्ट्रीटच्या कोपऱ्यावर विटांची एक जुनी इमारत आहे, हूव्हर ब्लॉक. तिच्या वरच्या मजल्यावर १८९० ते १८९५ राइट बंधूंचा छापखाना चालला. आता तिथे राष्ट्रीय उद्यान खात्याचं केंद्र आहे आणि जुन्या छापखान्याचा देखावा मांडून ठेवला आहे. मी आत शिरले आणि थबकले. लाकडी केस, त्यातले लहानमोठे खण. हात आपोआप पुढे गेला, मग मीच मागे घेतला.

त्याच्याही आधीची, ऑर्विल शाळकरी पोरगा होता तेव्हाची एक गोष्ट. त्याने आणि विल्बरने मिळून एक छपाईयंत्र स्वतः बनवलं, त्यात टाकून दिलेली थडग्याची शिळा आणि मोडक्या बग्गीच्या टपाचे भाग वापरले होते. शिकागोच्या एका छापखान्याचा फोरमन ते बघायला आला, यंत्राखाली आडवा होऊन त्याने सगळं न्याहाळलं आणि उठून म्हणाला, चालतंय खरं, पण कसं चालतंय ते मला कळत नाही. कोणतंही जुनं मशीन दुरुस्त करून वर्षानुवर्षं चालवणाऱ्या माणसाला या गोष्टीतली मजा लगेच समजेल. वडील असते तर त्यांनी ती मला तीनतीनदा सांगायला लावली असती.

या छापखान्यातून १८९० च्या डिसेंबरात एक छोटं वर्तमानपत्र निघालं, 'डेटन टॅटलर'. गावातल्या कृष्णवर्णीय समाजासाठी. संपादक होता अठरा वर्षांचा पॉल लॉरेन्स डनबार, ऑर्विलचा सेंट्रल हायस्कूलमधला वर्गमित्र. त्या वर्गात कृष्णवर्णीय तो एकटाच, तरी शाळेच्या वाङ्मय मंडळाचा अध्यक्ष आणि शाळेच्या पत्राचा संपादकही तोच. टॅटलरचे तीन अंक निघाले आणि पैशांअभावी ते बंद पडलं. पण दोस्ती होती. डनबारने छापखान्याच्या भिंतीवर खडूने चार ओळींचं एक गमतीचं कवन लिहून ठेवलं होतं, त्यात छपाईच्या धंद्यात ऑर्विलइतकं तल्लख डोकं दुसरं नाही अशी तारीफ होती. छापखान्याच्या भिंतीवर काही लिहिलेलं नसेल तर तो छापखानाच नव्हे. आमच्याकडे उधारीवाल्यांची नावं असायची.

पुढे काय झालं ते मी भाचीला जिन्यात उभी राहून सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय मला खाली उतरवेना. राइट बंधूंपैकी एकालाही हायस्कूलचं प्रमाणपत्र मिळालं नाही. कुटुंब इंडियानातून डेटनला परत आल्यामुळे विल्बरचं राहून गेलं, ऑर्विलने शेवटच्या वर्षी शाळा सोडली. डनबार १८९१ मध्ये रीतसर पास झाला. आणि नोकरी मागायला गेला तेव्हा कचेऱ्यांनी, वर्तमानपत्रांनी त्याला कातडीच्या रंगावरून परत पाठवलं. शेवटी काम मिळालं ते गावातल्या कॅलहन बिल्डिंगमध्ये लिफ्ट चालवण्याचं, आठवड्याला चार डॉलरवर. दोन माणसं एका बाकावरून उठली आणि गावाने त्यांना असं वेगवेगळं वागवलं. विमानाची गोष्ट सांगणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्टही सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

लिफ्टमध्ये माणसं येण्याच्या मधल्या वेळात तो कविता लिहायचा. पहिला संग्रह छापायचा झाला तेव्हा तो राइट बंधूंकडेच गेला. त्यांच्याकडे पुस्तक बांधायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी त्याला युनायटेड ब्रदरन या पंथाच्या छापखान्याकडे पाठवलं. तिथे १२५ डॉलर आगाऊ मागितले. तिथल्याच एका व्यवस्थापकाने डनबारची हमी घेतली आणि १८९२ च्या अखेरीस पुस्तक निघालं. डनबारने लिफ्टमधून वरखाली करणाऱ्या लोकांना एकेका डॉलरला प्रती विकल्या आणि दोन आठवड्यांत कर्ज फेडलं. पदरचे पैसे घालून पुस्तक काढणारे कितीतरी कवी मी लहानपणी पाहिले आहेत. गठ्ठा घरी न्यायला ते टांगा घेऊन यायचे. प्रती खपल्याचं क्वचितच कानावर यायचं.

सायकलचं दुकान जवळच आहे, २२ साउथ विल्यम्स स्ट्रीट. राइट बंधूंच्या दुकानांपैकी मूळ जागी उभं राहिलेलं हे एकच. ज्या दुकानात खरं विमानाचं काम झालं ते वेस्ट थर्ड स्ट्रीटवर होतं. ते आणि हॉथॉर्न स्ट्रीटवरचं राहतं घर हेन्री फोर्डने १९३६-३७ च्या सुमारास उचलून मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला नेलं. गावाच्या मालकीची आठवण अशी परगावी जावी याचं मला वाईट वाटलं. त्या गेलेल्या दुकानात १९०१ च्या शरद ऋतूत त्यांनी सहा फूट लांबीचा लाकडी बोगदा बनवला, एका टोकाला पंखा बसवला आणि पत्र्याचे लहान लहान पंख आत टांगून सुमारे दोनशे आकारांची मोजमापं घेतली. आधीच्या लोकांचे हवेच्या दाबाचे तक्ते जुळत नव्हते, म्हणून स्वतःचे केले. इंजिन त्यांचा मेकॅनिक चार्ली टेलरने सहा आठवड्यांत तयार केलं, साधारण १२ अश्वशक्तीचं. १७ डिसेंबर १९०३ चं पहिलं उड्डाण नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर झालं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. १२ सेकंद, १२० फूट.

पण उडायला ते खरे शिकले डेटनलाच, हफमन प्रेअरीवर. दुपारी आम्ही तिकडे गेलो. गावाच्या ईशान्येला आठेक मैलांवर टॉरेन्स हफमन या बँकवाल्याचं ८४ एकरांचं कुरण होतं. त्याने भाडं घेतलं नाही, उडायच्या आधी गाईघोडे बाजूला काढा एवढंच सांगितलं. हे दोघे गावातून ट्रॉलीने यायचे, सिम्स स्टेशनला उतरायचे. आज तो भाग हवाई दलाच्या तळाच्या हद्दीत आहे, तरी लोकांना जाता येतं. खुणेसाठी लाकडी शेड आणि विमानाला झेप घ्यायला जोर देणारा मनोरा पुन्हा उभे केले आहेत. बाकी नुसतं गवत. पलीकडच्या राखून ठेवलेल्या माळावर ते छातीएवढं वाढलेलं होतं आणि त्यात पिवळी फुलं. टोळांचा आवाज आणि ऊन. २० सप्टेंबर १९०४ ला इथे विमानाने पहिलं पूर्ण वर्तुळ घातलं. ते बघून डोळ्यांनी पाहिलेलं लिहिणारा पहिला माणूस मोठ्या वर्तमानपत्राचा बातमीदार नव्हता. तो होता ओहायोतल्याच मदिना गावचा एमॉस रूट, मधमाशा पाळणारा. त्याने १९०५ च्या जानेवारीत मधमाशीपालनाच्या आपल्या मासिकात ते छापलं. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला विल्बर या कुरणावर ३९ मिनिटं घिरट्या घालत राहिला, २४ मैल. मी त्या मासिकाच्या कंपॉझिटरचा विचार करत होते. पोळी, राणीमाशी, मेण हे शब्द रोज जुळवणाऱ्या त्या माणसाच्या हाती एके दिवशी ही कॉपी आली असेल.

२५ मे १९१० ला ऑर्विलने आपल्या ८१ वर्षांच्या वडिलांना, बिशप मिल्टन राइटना, इथूनच वर नेलं. म्हातारा मुलाच्या कानाशी ओरडत राहिला, आणखी वर, ऑर्विल, आणखी वर.

संध्याकाळच्या आत डनबारचं घर गाठायचं होतं म्हणून मधलं बरंच सोडलं. तरी एक सांगते. १९१३ च्या मार्चमध्ये ग्रेट मियामी नदीला आलेल्या पुरात खोऱ्यात ३६० हून अधिक माणसं दगावली. राइटांच्या घरामागच्या शेडमध्ये उड्डाणांच्या फोटोंच्या काचा, म्हणजे काचेवरच्या निगेटिव्ह होत्या, त्या पाण्याखाली गेल्या. पहिल्या उड्डाणाची काच वाचली, एका कोपऱ्यातला थर तेवढा निघाला. तो फोटो पुढे कधी पाहिलात तर खालचा डावा कोपरा बघा. आणि पुरात लोकांना सोडवणारा माणूस कोण, तर गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या नॅशनल कॅश रजिस्टरचा मालक जॉन पॅटरसन. महिन्यापूर्वीच त्याला मक्तेदारीच्या खटल्यात कैदेची शिक्षा सुनावली होती, पुढे अपिलात ती रद्द झाली. त्याच्या कारखान्याने धडाधड सपाट तळाच्या सुमारे तीनशे होड्या बांधल्या. नंतर लोकांनी वर्गणी काढून पाच कोरडी धरणं उभारली, १९२२ मध्ये ती पुरी झाली. एरवी रिकामी, पूर आला की तेवढं पाणी अडवतात.

डनबारचं घर विटांचं, दुमजली. १९०४ मध्ये त्याने ते आईसाठी घेतलं. तोवर नाव झालेलं होतं: २७ जून १८९६ ला, त्याच्या चोविसाव्या वाढदिवशीच, विल्यम डीन हॉवेल्स या बड्या समीक्षकाचा त्याच्यावरचा लेख प्रसिद्ध झाला होता. पण हॉवेल्सने वाखाणल्या त्या बोलीतल्या कविता. मग सगळे तेवढंच मागू लागले. प्रमाण इंग्रजीतल्या आपल्या कवितांकडे कुणी बघत नाही ही खंत त्याने कवितेतच लिहून ठेवली. आपल्याकडे बोलीत लिहिणाऱ्याला 'गावरान ठसका' म्हणून टाळ्या मिळतात आणि त्याचं बाकीचं लिखाण बाजूला पडतं, ते मला आठवलं.

घरात त्याचं टेबल आहे, थिओडोर रूझवेल्टने दिलेली तलवार आहे आणि राइट बंधूंनी बनवलेली त्याची सायकल आहे. त्या सायकलीपाशी मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले.

आणि माटिल्डा. त्याची आई. केंटकीत गुलामगिरीत जन्मलेली, डेटनमध्ये लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी. मुलाला शिकवता यावं म्हणून ती वाचायला शिकली. डनबारला क्षय झाला होता, राइटांची आईही १८८९ मध्ये क्षयानेच गेली होती. ९ फेब्रुवारी १९०६ ला डनबार या घरात वारला, ३३ वर्षांचा. माटिल्डा पुढे अठ्ठावीस वर्षं इथे राहिली, १९३४ पर्यंत, आणि त्याच्या वस्तू तिने जपल्या. १९३६ मध्ये घर लोकांसाठी खुलं झालं ते तिच्यामुळे. पाय निघेना तेव्हा भाचीने नुसता खांद्यावर हात ठेवला.

वुडलँड कब्रस्तान टेकडीवर आहे, १८४१ पासूनचं. फाटक बंद व्हायला थोडाच वेळ राहिला होता. राइटांचा दगड साधा, आडनाव तेवढं मोठं, आणि तिथेच बहीण कॅथरीनही. जवळच डनबार. एका ओबडधोबड दगडावर धातूची पट्टी, तिच्यावर त्याच्याच कवितेचं एक कडवं, बोलीतलं. मला वाळुंजाखाली गवतात निजवा, शेजारून ओढा गात जाईल, अशा अर्थाचं.

पट्टीवरची अक्षरं उठावाची होती. मी त्यांवरून बोट फिरवलं. खिळ्याला हात लावल्यासारखं वाटलं, आणि मग लक्षात आलं की ही सुलटी आहेत. भाचीने मोठ्याने वाचायला सांगितलं. मी दोनदा वाचलं.