आमची वाटचाल : ‘गिझर चालू आहे, पण पाणी कोमटच येते’

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या मोटारींचे रिवाइंडिंग करण्यासाठी वडिलांनी हे दुकान सुरू केले. पुढे त्याच गिऱ्हाइकांच्या घरचे गिझर दुरुस्तीला येऊ लागले आणि आज आमचे बहुतेक काम गिझरचेच आहे.

आमच्याकडे सर्वाधिक तक्रार येते ती कोमट पाण्याची. अशा वेळी एलिमेंट, म्हणजे टाकीतील पाणी तापवणारी विजेची कांडी, बदलून मोकळे होणे सोपे असते. पण विजेचा प्रवाह मोजणारे मीटर लावल्याशिवाय कोणताही भाग बदलायचा नाही, ही वडिलांची शिस्त आम्ही आजही पाळतो. दोन हजार वॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण पावणेनऊ अँपिअर प्रवाह घेतो. तेवढा प्रवाह जात असेल, तर एलिमेंट शाबूत आहे असे समजून दोष अन्यत्र शोधावा. व्होल्टेज १८० पर्यंत उतरले, तर तोच गिझर जेमतेम सव्वाबाराशे वॅट उष्णता देतो आणि जे पाणी वीस मिनिटांत तापायचे, त्याला अर्धा तास लागतो.

जुळे सोलापुरातील एका घरी थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापले की वीज बंद करणारा भाग) आणि एलिमेंट दोन्ही नवे बसवूनही पाणी कोमटच येत होते. आम्ही गिझरला जाणाऱ्या थंड पाण्याचा कॉक बंद करून गरम पाण्याचा नळ सोडला, तर धार थांबण्याऐवजी चालूच राहिली. न्हाणीघरातील मिक्सरचे दोन्ही नळ उघडे होते आणि हँड शॉवर तेवढा टोकाला बंद केलेला होता. त्यामुळे मिक्सरमधूनच थंड पाणी गरम पाण्याच्या पाइपात शिरत होते. ते नळ बंद करताच काकूंना कढत पाणी मिळाले. ही तपासणी कोणालाही घरी करता येते आणि ती करून मगच आम्हाला बोलवावे, असे आम्ही आवर्जून सांगतो.

बोअरच्या पाण्याची गोष्ट निराळी. येथील बऱ्याच बोअरचे पाणी जड असल्याने एलिमेंटवर क्षारांचा पांढरा, खडबडीत थर चढतो, पाण्याला उष्णता उशिरा पोहोचते आणि एलिमेंट मात्र आतून जास्त तापून लवकर जळते. अशा घरी वर्षातून एकदा टाकी उघडून क्षार काढावेत आणि टाकीला गंज लागू नये म्हणून आत बसवलेली मॅग्नेशियमची कांडी झिजली असल्यास बदलावी, असे आमचे ठाम मत आहे. अभ्यंगस्नानाच्या तोंडावर सर्वांचीच घाई होते. म्हणून बोअरवाल्या ग्राहकांना आम्ही गणपती उठल्यावरच फोन करून सफाईची वेळ ठरवतो.