लिफ्टऐवजी जिना

लिफ्टमध्ये कुणाच्या परफ्यूमचा दर्प रेंगाळत असला, की मी जिन्याने जाते. तेवढ्यानंही डोकं ठणकतं, घसा आवळतो. लोकांना हे नखरे वाटतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

मानेवरचं पुरळ हे वेगळं प्रकरण. त्यासाठी पॅच टेस्ट झाली, म्हणजे त्वचेला कशाची ॲलर्जी आहे ते शोधायची चाचणी. पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या 48 तास तशाच, पाठ भिजवायची नाही, घामही टाळायचा. निघालं लिनालूल, लव्हेंडरच्या तेलात असतं ते सुगंधी द्रव्य. ताजं असताना ते फारसं त्रास देत नाही. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याची हायड्रोपेरॉक्साइडं नावाची संयुगं बनतात आणि ॲलर्जी प्रामुख्याने त्यांची येते. म्हणजे महिनोन्‌महिने उघडी पडलेली बाटली जास्त वाईट. 'नैसर्गिक आहे गं, काही होत नाही,' म्हणत कुणी क्रीम पुढे केलं, की मी सरळ नको म्हणते.

'बिनवासाच्या' वस्तूतही मूळ वास झाकायला कधीकधी सुगंधद्रव्य घातलेलं असतं, त्यामुळे घटकांची यादी वाचल्याशिवाय मी काही घेत नाही. घेतलं तरी आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज थोडं लावून आठवडाभर बघते.

शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने मी न सांगता रूम फ्रेशनर बंद केला. किती बरं वाटलं मला!