पत्ते कुणाच्या घरचे?

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर भविष्य बघायला टॅरोचे पत्ते काढले, की ते पिसून व्हायच्या आत हा प्रश्न येतो. "हे जिप्सींचं ना? मग आपण वापरणं बरोबर आहे का?" टोरांटोची माझी भाची तर फोनवर फटकन म्हणाली, "मावशी, ही क्लोज्ड प्रॅक्टिस आहे. ज्यांची आहे त्यांनीच करायची." तिच्या मैत्रिणी स्वतःला विच, म्हणजे चेटकीण, म्हणवतात, पौर्णिमा पाळतात आणि कुणी कुणाचं काय उचललं यावरून आपसात कचाकचा भांडतात. मला ते भांडण आवडतं. तिच्या वयात असं काही विचारायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

उलट मी थापा मारल्यात. पंधराएक वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुजाऱ्यांची गुप्त विद्या, जिप्सींनी ती युरोपात आणली. मी वहीत उतरवून घेतलं आणि पुढची दोन वर्षं येईल त्याला ऐकवलं. ऐकताना समोरच्याचे डोळे कसे मोठे होतात! त्याची चटक लागते.

खरं प्रकरण बरंच साधं आहे. टॅरो हा पत्त्यांचा डाव. 1440 च्या सुमारास उत्तर इटलीतल्या दरबारांत कुणीतरी नेहमीच्या चार रंगांच्या 56 पानांत 22 चित्रांची भर घातली. ती पानं म्हणजे कायमचे हुकूम. त्यांना 'त्रिओन्फी' म्हणत, इंग्रजीतला 'ट्रम्प' त्याच घराण्यातला. मिलानच्या ड्यूकांसाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेल्या एका जोडातली 74 पानं आजही शिल्लक आहेत. हरवलेल्या चारांत सैतान आणि मनोरा आहेत, म्हणजे जी निघाली की माझ्यासमोर बसलेल्यांचा चेहरा उतरतो नेमकी तीच. फ्रान्समध्ये हा डाव अजून मजेत खेळला जातो, कुणाचंही भविष्य न बघता.

त्या चार रंगांची गोष्ट आणखी मागे जाते. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात पत्ते युरोपात आले ते ममलूक सुलतानांच्या मुलखातून. पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे त्यांचे रंग होते. इटलीत पोलो कुणाला माहीत? तिथे त्या काठ्यांचे नुसते सोटे झाले. ममलूकांचं राज्य इजिप्तवरच होतं, त्यामुळे कार्यशाळेतल्या बाई अगदीच चुकल्या असं म्हणवत नाही. फक्त पुजारी आणि गुप्त विद्या तेवढी वगळायची.

माझं आजोळ सावंतवाडीचं. तिथे फडताळात लाखेचं रोगण दिलेल्या गोल गंजिफांची एक पेटी होती, पानं अर्धीअधिक गहाळ. गंजिफा आपल्याकडे इराणी वळणाने आली. बाबराने 1527 मध्ये ती सिंधला भेट पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे. पुढे त्याच खेळाची आपल्याकडे दशावतारी झाली : दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, एकूण 120. आजीला कुणी म्हणालं असतं की हा मुळात परका खेळ, तर ती म्हणाली असती, बरं मग? मत्स्याचा राजा कुणाकडे आहे ते बोल.

म्हणून नुसत्या उसनवारीला मी चोरी म्हणत नाही. गडबड झाली ती पुढे. कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच विद्वानाने एका बाईला टॅरो खेळताना पाहिलं, पाव तासात ठरवलं की हा इजिप्तचा प्राचीन ग्रंथ आहे, आणि 1781 मध्ये ते छापलं. 'टॅरो' म्हणजे प्राचीन इजिप्शियन भाषेत राजमार्ग, असंही त्याने ठोकून दिलं. ती लिपी तेव्हा जगात कुणालाच वाचता येत नव्हती, ती उलगडली 1822 मध्ये. तोवर एतेया नावाच्या फ्रेंच भविष्यवाल्याने खास भविष्यासाठीचे पत्ते छापून विकलेही होते. मग एलिफास लेव्ही या फ्रेंच गूढवाद्याने ज्यूंच्या कबाला या गूढविद्येतली 22 हिब्रू अक्षरं या 22 चित्रांना जोडली. ज्यूंना कुणी विचारलं नाही, हे सांगायला नकोच.

जिप्सी यात शिरले ते नावामुळे. 'जिप्सी' हा 'इजिप्शियन'चाच अपभ्रंश, कारण हे भटके लोक इजिप्तहून आले असं युरोपला वाटलं. पत्ते इजिप्तचे, हे लोकही इजिप्तचे, झालं, जुळलं! प्रत्यक्षात हे लोक, त्यांचं खरं नाव रोमा, पश्चिम युरोपात पोचले तेव्हा पत्ते तिथे आधीच होते. 1427 मध्ये ते पॅरिसजवळ उतरले तेव्हा लोकांनी गर्दी केली ती हात दाखवायला. त्यांचं मूळ आपल्याकडचं. नाकाला ते 'नाक' म्हणतात, कानाला 'कान', पाण्याला 'पानी'. नाझींनी यांची लाखोंनी कत्तल केली. आणि आपण डोक्याला रुमाल बांधून, कानात मोठ्या रिंगा घालून 'जिप्सी टॅरो'ची जाहिरात करतो. भाचीला मी एवढंच म्हटलं, की पत्ते खुशाल वापर, तो रुमाल काढ.

सफेद सेज या सुगंधी झुडपाचं उत्तर मात्र वेगळं आहे. त्याच्या वाळक्या पानांची जुडी जाळून घर 'शुद्ध' करायची टूम आता आपल्याकडेही ऑनलाइन पोचली आहे. हे झुडूप दक्षिण कॅलिफोर्निया आणि लगतच्या मेक्सिकोत वाढतं, आणि विक्रीसाठी रानातून चोरून ओरबाडलं जातं. तिथल्या मूळ रहिवाशांच्या धार्मिक विधींना अमेरिकेने कायद्याचं संरक्षण दिलं ते 1978 मध्ये. त्याआधी त्यातल्या कित्येकांवर बंदी होती. ज्यांना यासाठी शिक्षा झाल्या त्यांचीच वनस्पती मी शोभेला जाळू? घरात धूप आहे, ऊद आहे.

'विच' हा शब्दही मी लावून घेत नाही. 1951 मध्ये ब्रिटनने चेटकाविरुद्धचा जुना विचक्राफ्ट कायदा रद्द केला, 1954 मध्ये जेराल्ड गार्डनरने आपल्या नव्या विच-पंथावर पुस्तक काढलं, आणि तिकडे त्या शब्दातली भीती हळूहळू ओसरली. आमच्या सातपुड्यात, नंदुरबारकडे, 'डाकीण' ठरवलेली बाई आजही मार खाते, गाव सोडते. तो शब्द मी हौस म्हणून कपाळाला कसा लावू?

आणि जिच्याबद्दल कुणीच विचारत नाही ती पॅमेला कोलमन स्मिथ. आज जगभर जे पत्ते चालतात त्यांची चित्रं तिने 1909 मध्ये काही महिन्यांत काढली. आधीच्या एका इटालियन जोडावरून काही कल्पना तिनेही उचलल्या, हृदयात घुसलेल्या तीन तलवारी त्यातल्याच. त्या वर्षी एका ओळखीच्याला तिने लिहिलं, की काम फार मोठं आणि पैसे फारच थोडे. पत्ते ओळखले गेले ते प्रकाशक रायडर आणि लेखक वेट यांच्या नावाने. तो कायदा रद्द झाला त्याच 1951 मध्ये ती कॉर्नवॉलमध्ये कर्जबाजारी अवस्थेत गेली. तिची कबरसुद्धा सापडत नाही.

पण पत्त्यांवर, चित्राच्या खालच्या बाजूला, तिने आपली आद्याक्षरं सापासारखी वळवून ठेवली आहेत. तुम्ही याल तेव्हा पहिलं पान उघडलं की आधी ती शोधायची. चष्मा आणा, फार बारीक आहेत.