मोतीबिंदूवाल्या आजी

आज चेकअपला गेले होते, तेव्हापासून डोकं जरा सटकलंय. शेजारी एक आजी होत्या, मोतीबिंदूवाल्या. पट्टी काढल्या काढल्या नातीला म्हणाल्या, अगंबाई, तुझ्या ड्रेसवर फुलं आहेत होय! सगळे हसले, मीही हसले, आणि आतून असला हेवा वाटला ना की माझी मलाच लाज वाटली.

ऑपरेशन तर माझंही झालंय की. काचबिंदूचं, ट्रॅबेक्युलेक्टॉमी, नाव घेतानाच जीभ अडखळते. डॉक्टर खूश आहेत, कारण तीन-तीन ड्रॉप्स घालूनही 28 च्या खाली न येणारं डोळ्यातलं प्रेशर आता ड्रॉप्सशिवाय 12 आलंय. नंदू तर पेढे आणायला निघाला होता. पण मला जास्त काय दिसतंय? काही नाही, उलट सध्या धूसरच. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही हे आधीच सांगितलं होतं, त्या कागदावर सही पण केली मी, तरी मनात कुठेतरी होतंच की… जाऊ दे.

आणि जखमेची तऱ्हा बघा. वरच्या पापणीखाली डोळ्याच्या पांढऱ्या भागात बारीकशी झडप केलीय, आतलं पाणी तिथून झिरपतं आणि वर छोटा फुगा धरतो, ब्लेब म्हणतात त्याला. आता शरीराला वाटतं भोक पडलंय, बुजवा! पूर्ण भरलं तर प्रेशर परत वर. म्हणून ऑपरेशनमध्येच मायटोमायसिन लावतात, चक्क कॅन्सरचं औषध, आणि नंतर स्टिरॉइडचे थेंब. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळा चोळायचं तर नावच नको. शिवाय लाल झाला, दुखला की अर्ध्या रात्री असलं तरी पळत यायचं, हे म्हणे जन्मभर.

त्या आजींना काय, घरी जाऊन नातीची फुलं मोजायची.

माझं यश म्हणजे काही न होणं. पुढच्या फील्ड टेस्टला, म्हणजे नजर आजूबाजूला कुठवर पोचते त्या तपासणीला, कागदावरचा तो गेलेल्या नजरेचा काळा डाग आहे तेवढाच आला की डॉक्टर म्हणणार, व्वा! याचे पेढे कुणाला आणि काय सांगून वाटायचे? संध्याकाळी एकटीच हसत बसले यावर.

तात्यांच्या वेळी हे कुणी… असो. दादाला फोन केला, तुझं आणि पोरांचं प्रेशर तपासून घे म्हटलं, आपल्या घरातच आहे हे. तर म्हणतो, मला सगळं नीट दिसतंय गं. म्हटलं, मलाही दिसतच होतं. शनिवारी वहिनीलाच मध्ये घालून नेते त्याला.